आप की जय : सातपुड्याच्या पायथ्याशी दारू सोडवणारे गुलाम महाराज

दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाणाऱ्या आपल्या तरुणांना ही तारीख तोंडपाठ असते. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि या बंगल्यात मुक्कामाला राहिले. त्या आठवणीसाठी धुळे, जळगाव, नंदुरबारहून माणसे येतात, भीमगीते होतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. पण त्याच सुमारास त्याच पश्चिम खानदेश जिल्ह्यात, तापीच्या पलीकडे तळोद्याच्या बाजूला, एक भिल्ल माणूस हजारो लोकांची दारू सोडवत होता. हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. त्यांचे नाव गुलाम महाराज. कुणी गुला महाराज म्हणते, कुणी गुल्या महाराज.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. गुलाम महाराज बौद्ध नव्हते आणि त्यांना बौद्ध ठरवण्याचा आमचा इरादा नाही. त्यांचा मार्ग आरतीचा होता, भजनाचा होता. त्यांच्या अंगी दैवी शक्ती आहे असे त्यांचे अनुयायी मानत. आम्ही तसे मानत नाही. तरीही व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या प्रत्येक भीमसैनिकाने हे आयुष्य समजून घ्यावे असे आम्हाला वाटते, कारण दारू सुटते कशी या प्रश्नाचे खानदेशच्या मातीतले एक खरे उत्तर त्यात आहे.

हे उत्तर समजायचे तर आधी दारू कशी चिकटली ते पाहावे लागते.

सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची लोकांच्या आयुष्यात मोहाची दारू पूर्वीपासून होती. मोहाची फुले वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि घरच्या मडक्यात गाळायची. लग्नात ती लागे, मयतीत लागे, देवाला आणि पूर्वजांना तिचीच धार पडे. पण ती घरची होती. हंगामात, सणावाराला, चार माणसांत बसून प्यायची. पैसा मोजून रोज विकत घ्यायची वस्तू ती नव्हती.

इंग्रजांनी हे चित्र उलटे केले. १८२५ साली आउट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि डोंगरातल्या माणसाला सरकारी शिस्तीत आणायला सुरुवात झाली. १८५७ मध्ये खाज्या नाईकांनी बंड केले, तेही मोडले गेले. मग १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. घरी दारू गाळणे गुन्हा झाला. दारू सरकारी परवान्याच्या दुकानातूनच घ्यायची आणि पैसा ठेकेदाराला, सरकारला द्यायचा असे ठरले. मोहाचे झाड अंगणात, फुले अंगणात, आणि दारू मात्र उधारीवर. ज्याच्या हातात रोख पैसा कधी येतच नव्हता, त्याच्यावर हा कायदा कसा कोसळला असेल याचा अंदाज करायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

उधारीच्या मागून सावकार आला. शहादा आणि तळोदा तालुक्यांतली तापीकाठची काळी जमीन सोन्याच्या मोलाची. ती भिल्लांच्या हातून एकेक अंगठा उमटत निघून गेली. काही जमीन कर्जात गेली, काही धान्याच्या वाढीदिढीत, काही सरळ दारूच्या उधारीत. ज्या शेताचा मालक होता त्याच शेतावर माणूस सालदार म्हणून राबू लागला. सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर बांधलेला गडी. साल संपले तरी कर्ज संपत नसे, म्हणून पुढचे साल. सगळे त्याला अरे-तुरे करत, मालकाचे शेंबडे पोरसुद्धा. संध्याकाळी हा माणूस गुत्त्यावर का जात असेल? आपल्या आज्या-पणज्यांनी गावकुसाबाहेर जे भोगले ते आठवले, तर उत्तर दूर शोधावे लागत नाही.

गुलाम महाराज याच समाजातले. तळोदा तालुक्यातले मोरवड हे त्यांचे गाव. आज ते रंजनपूर या नावानेही ओळखले जाते. तेव्हाचा पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा झाला आणि १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार वेगळा निघाला, म्हणून नकाशावर मोरवड आता नंदुरबार जिल्ह्यात दिसते. मोठ्या मठाचा किंवा गादीचा आधार त्यांना नव्हता. भिल्ल घरातला एक माणूस आपल्याच लोकांशी आपल्याच बोलीत बोलू लागला. दारू सोडा, रोज आंघोळ करा, घरअंगण स्वच्छ ठेवा, चोरी करू नका, मांस सोडा, भांडणे सोडा. सांगणे एवढे साधे होते.

असे सांगणारे आधीही येऊन गेले होते. मिशनरी सांगत होते, समाजसुधारक सांगत होते, काँग्रेसचे कार्यकर्ते सांगत होते. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि दारूबंदी हा काँग्रेसचा ठरलेला कार्यक्रम होता. १९३७ च्या जुलैत मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आले आणि दारूबंदीची तयारी सुरू झाली. पण तळोद्याच्या पाड्यांवर लोकांनी मडकी फोडली ती सरकारी धोरणाची वाट न पाहता. मुंबई शहरातली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ ला सुरू झाली. गुलाम महाराज तोवर हयातही नव्हते.

मग त्यांच्या सांगण्यात वेगळे काय होते?

आमच्या मते सगळी किल्ली एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'आप'. गुलाम महाराजांच्या मार्गाला आपधर्म म्हणतात. अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणू लागले आणि भेटल्यावर 'आप की जय' म्हणू लागले. शहरातल्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. पण जन्मभर अरे-तुरे ऐकलेल्या सालदाराच्या कानाने ऐकून पाहा. त्याला कुणीतरी आदराने हाक मारली. ही हाक मालकाने मारली नाही, मामलेदाराने मारली नाही. शेजारच्या पाड्यावरच्या, त्याच्याइतक्याच उघड्या अंगाच्या माणसाने मारली. आणि या जयघोषात जय कुणाची? समोर उभ्या असलेल्या माणसाची. आपण 'जय भीम' म्हणतो तेव्हा हात जोडलेल्या दोघांची मान एकाच उंचीवर येते. सातपुड्यात तेच काम 'आप' या शब्दाने केले.

माणूस स्वतःच्या नजरेत उभा राहिला की दारूची पकड सैल होते. ती लगेच सुटते असे नाही, पण सैल होते. व्यसनात अडकलेल्या माणसाला दारू वाईट आहे हे सांगावे लागत नाही, ते त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. आपण कुणीतरी आहोत, आपल्या शब्दाला किंमत आहे, एवढेच तो विसरलेला असतो. गुलाम महाराजांनी उपदेशाच्या आधी किंमत दिली. आपल्या व्यसनमुक्ती शिबिरांत बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. व्यासपीठावरून आधी बेवड्याची टिंगल आणि मग पंचशील.

दुसरी गोष्ट आरतीची. ठरलेल्या दिवशी मोरवडला आरती होई आणि पंचक्रोशीतून, नंतर तर दूरदूरच्या पाड्यांवरून लोक पायी येत. गर्दी हजारोंची झाली. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचे, दारू पिऊन यायचे नाही. आरतीपुरते बघितले तर हा भक्तीचा कार्यक्रम. पण त्याच्याकडे व्यसनमुक्तीच्या नजरेने बघा. दारू सोडलेल्या माणसाला पुन्हा चार लोकांसमोर उभे राहायचे आहे. त्याच्यासारखेच शेकडो लोक आजूबाजूला आहेत. बायको-पोरे बरोबर आहेत. पूर्वी हे सगळे लोक एकत्र जमत ते दारूच्या मडक्याभोवती. आता जमण्याचे ठिकाण होते, गाणे होते, सोबत होती, आणि मडके नव्हते.

योगायोगाची गोष्ट अशी की, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब या दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. तिथेही मार्ग हाच निघाला. आपल्यासारख्याच माणसांत ठरलेल्या दिवशी बसायचे, खरे बोलायचे, स्वतःपेक्षा मोठे काहीतरी मानायचे आणि एकेक दिवस काढायचा. मोरवडच्या माणसाला अ‍ॅक्रन माहीत असण्याचे कारण नव्हते, अ‍ॅक्रनच्या माणसाला मोरवड. जगाच्या दोन टोकांना जवळजवळ एकाच वेळी माणसे एकाच जागी पोचली, आणि ती जागा म्हणजे संगत. आपल्या भाषेत संघ. बुद्धाच्या त्रिशरणात बुद्ध आणि धम्म यांच्या जोडीला संघ का आहे, हे दारू सोडू पाहणाऱ्या माणसाइतके कुणाला कळत नसेल.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची गोष्ट येते. मोठ्या पराक्रमाचा भिक्खू. त्याने एका भयंकर नागाला वश केल्याची ख्याती झाली आणि कोसंबीच्या उपासकांनी त्याच्या स्वागतासाठी घरोघरी मद्य ठेवले. तो प्यायला आणि नगराच्या दरवाजात कोसळला. भिक्खूंनी उचलून आणला तर त्याचे पाय बुद्धाकडे झाले. बुद्धाने त्याला शिक्षा केली नाही, संघातून काढलेही नाही. नागाला वश करणाऱ्याला आता साधा पाणसापसुद्धा आवरता येईल का, अशा अर्थाचा प्रश्न भिक्खूंना विचारला आणि मद्य न पिण्याचा नियम घालून दिला. आम्हाला या गोष्टीत नेहमी उपासकांचे आश्चर्य वाटते. त्याला पाडले कुणी? त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी. नेत्याच्या वाढदिवसाला पेटी आणणारे कार्यकर्ते काही आजचे नाहीत.

गुलाम महाराजांकडे परत येऊ. त्यांच्या मार्गाचा परिणाम ज्यांच्या डोळ्यांत खुपायचा त्यांच्या खुपलाच. दारूच्या दुकानदारांचा धंदा बसला. शुद्धीवर असलेला गडी हिशेब विचारू लागतो, ही मालकांची अडचण. आणि परवानगीशिवाय हजारो भिल्ल एका जागी जमतात, ही सरकारची अडचण. खाज्या नाईकांची आठवण सरकारी दप्तरात अजून जुनी झाली नव्हती. देवाच्या नावाने का होईना, पण आदिवासी एकत्र आले की साहेबाला बंडच दिसायचे.

ही भीती अगदी निराधार नव्हती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये, पालघरच्या किनाऱ्याकडून एक लाट डोंगराडोंगराने सुरत जिल्ह्यापर्यंत गेली होती. लोकांच्या अंगात देवी येई आणि ती सांगे की दारू सोडा, ताडी सोडा, आंघोळ करा. त्या लाटेत आदिवासींनी पारशी दारूविक्रेत्यांवर आणि जमीनदारांवर बहिष्कार टाकला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली त्यावर 'द कमिंग ऑफ द देवी' हे पुस्तक लिहिले आणि एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. आदिवासींनी वरच्या जातींच्या शुद्ध-अशुद्धाच्या कल्पना घेतल्या असे वरवर दिसते, पण खरे तर त्यांनी प्रतिष्ठेवरची वरच्यांची मक्तेदारी मोडली.

हा मुद्दा आम्हाला पटतो, पण पूर्ण नाही. मांस सोडा, आरती करा, भजन म्हणा, यातून ब्राह्मणी धर्माचा दरवाजा हळूच उघडतो हेही खरे आहे. आपल्या खाण्याला आणि आपल्या देवांना घाण समजायला शिकलेला माणूस दारूतून सुटतो आणि दुसऱ्या कशात तरी अडकतो. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मृत मांस सोडा म्हणून सांगितले तेव्हा त्यांच्या मनात कुणाच्या पंगतीत बसण्याची आस नव्हती, स्वाभिमान होता. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी महाडला जमलेल्या स्त्रियांना, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, असे बजावले. त्यात सोवळे-ओवळे कुठेच नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सतरावी दारूची. ती देव सोडण्याच्या प्रतिज्ञांबरोबर येते, देवाच्या नावाने येत नाही. गुलाम महाराजांच्या मार्गात आणि आपल्या मार्गात हा फरक आहे आणि तो लहान नाही.

पण फरक दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. कालाम लोकांना बुद्धाने शिकवले ते हेच, की एखादी गोष्ट परंपरेने आली म्हणून घेऊ नका आणि गुरूने सांगितली म्हणूनही घेऊ नका, तिच्याने लोभ-द्वेष वाढतो की कमी होतो ते स्वतः तपासा. ही कसोटी लावली तर देव मानणाऱ्या गुलाम महाराजांच्या लोकांनी मडकी फोडली. आणि देव सोडलेल्या आपल्या वस्त्यांमध्ये? १४ एप्रिलच्या रात्री डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांच्या तोंडाचा वास कुणी घेतला आहे का? सतरावी प्रतिज्ञा आपण दिवसा माइकवर म्हणतो आणि रात्री मिरवणुकीत मोडतो. भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या वस्त्यांमध्ये चाळिशीच्या आत गेलेल्या माणसांच्या घरी जलदान विधीला जाऊन आलेल्या कार्यकर्त्यांना आम्ही काय बोलतो आहोत ते कळेल. चमत्कार मानणाऱ्यांना हसण्याआधी आपल्या विहारात दर रविवारी किती माणसे बसतात ते मोजू. पौर्णिमेला वंदना होते, आणि मधल्या एकोणतीस दिवसांत दारू सोडलेला माणूस कुणाकडे जातो?

एक सूचना मध्येच, कारण जिवाचा प्रश्न आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरी कोंडून एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. आधी दवाखाना, मग विहार. श्रद्धेने शरीर विषमुक्त होत नाही. शरीर सावरल्यानंतरच्या लांबलचक, कंटाळवाण्या दिवसांत मात्र श्रद्धेची आणि सोबतीची गरज लागते. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणचे काम पाहिले तरी हे दिसते. औषध तिथे आहेच, पण त्याच्या जोडीला समूहात बसणे, बोलणे, घरच्यांना सामील करून घेणे हेही आहे.

गुलाम महाराजांना वेळ फार थोडा मिळाला. चळवळ भरात असताना, १९३८ मध्येच, ते गेले. पुढारी गेला की अशा लाटा ओसरतात, पण ही लगेच ओसरली नाही. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ती पुढे चालवली. गर्दी वाढत गेली तसा सरकारचा संशयही वाढला. जमावांवर निर्बंध आले, पोलिसांशी खटके उडाले आणि अखेर रामदास महाराजांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. दारू सोडा म्हणणाऱ्या माणसाला हद्दपार करायचे आणि दारू विकणाऱ्या दुकानाला परवाना द्यायचा, असा तो न्याय. त्यानंतर अनेक पाड्यांवर दारू परत आली. स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, दारूबंदी आली, तशी हातभट्टीही आली. ज्यांच्या घरी आरतीची सवय टिकली त्यांच्या घरी दारू सहसा शिरली नाही. बाकीच्यांकडे शिरली. जमीन तर परत मिळालीच नव्हती. आपधर्माने माणसाला मान दिला, पण सातबारा दिला नाही, आणि रिकाम्या पोटावर मान फार काळ ताठ राहत नाही.

हा अपुरा राहिलेला भाग पुढच्या पिढीने हातात घेतला. भजन मंडळींतून पुढे आलेले अंबरसिंग महाराज सुरतवंती सालदारांच्या मजुरीविषयी आणि गेलेल्या जमिनीविषयी बोलू लागले. १९७१-७२ मध्ये शहादा-तळोद्यात भूमुक्तीची चळवळ पेटली, श्रमिक संघटना उभी राहिली, बाहेरून शिकलेली तरुण मुले येऊन तिथल्या लोकांबरोबर राहिली. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये गेले. पण त्याआधी एक गोष्ट घडली. सालदारांच्या बैठका चालायच्या त्यात बायका मागे बसून ऐकायच्या. मजुरीचा प्रश्न निघाला की त्या म्हणायच्या की मजुरी वाढली तरी ती गुत्त्यावरच जाणार. मग त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही. शहाद्याच्या बाजूच्या गावांत बायकांचे जथे निघाले, दारूच्या अड्ड्यांवर गेले आणि मडकी फोडली. जो नवरा पिऊन येऊन मारी त्याला चारचौघांत उभे करून जाब विचारला. एका गावात झाले की दुसऱ्या गावच्या बायका बोलावणे पाठवत.

त्यातल्या कित्येकींच्या आईबापांनी पस्तीस वर्षांपूर्वी मोरवडच्या वाटेवर अशीच मडकी फोडली असतील. या वेळी आरती नव्हती. बायका गाणी म्हणत होत्या, आणि हातात काठ्या होत्या.